रुळांवर भेटलेली माणसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टाळेबंदीला पाच वर्षं झाली म्हणून आपण वाचकांच्या आठवणी छापल्या. आवडीने वाचल्या. कुणी घरी पाव भाजायला शिकलं, कुणाच्या गॅलरीत धनेश येऊन बसला, कुणाला मुलांबरोबर पत्ते खेळायला पहिल्यांदा वेळ मिळाला. त्याच पानावर ठाण्याच्या एका वाचकाने लिहिलं होतं की, निर्बंधांविरुद्ध त्या काळात रस्त्यावर आणि रुळांवर उतरलेली माणसं बेजबाबदार होती, त्यांची नावं तेव्हाच जाहीर करायला हवी होती. त्या यादीत माझं नाव आलं असतं, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधलं कापू नका.

आधी एक सांगून टाकते. करोना थोतांड होता असं मला कधीच वाटलं नाही. मी लशीचे दोन्ही डोस घेतले, नंतर बूस्टरही घेतला. मास्क शेवटपर्यंत लावला, दुकानात गिऱ्हाइकांना लावायला लावला आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या. तरीही २२ जुलै २०२० च्या सकाळी मी नालासोपारा स्टेशनच्या रुळांवर उभी होते. तिथे जी माणसं भेटली ती आज माझ्या घरच्यांइतकी जवळची आहेत. त्यांतल्या एकाने अजून लस घेतलेली नाही, घेणारही नाही म्हणतो.

मी नालासोपाऱ्याला पूर्वेला राहते. दादरच्या एका साड्यांच्या दुकानात हिशेबाचं काम बघते. बिलं, जीएसटी, फॉल-पिको करणाऱ्या बायकांचे पैसे. नवरा वालीवच्या कारखान्यात डाय बनवतो. त्या वर्षी कारखाना आधी बंद होता आणि मग अर्ध्या पगारावर चालू. ठाण्याच्या वाचकांना आमचा भूगोल बहुधा माहीत नसावा. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये वसईची खाडी आहे. लोकलने ती बघता बघता मागे पडते. रस्त्याने जायचं तर महामार्ग गाठून वर्सोवा पुलावरून वळसा घालावा लागतो (अंधेरीचं वर्सोवा नव्हे, घोडबंदरजवळचं), आणि त्या पुलावर तेव्हा जी कोंडी व्हायची तिच्यात माणसं डबा खाऊन, झोप काढून पुन्हा जागी व्हायची. आमच्याकडे लोकल बंद म्हणजे मुंबईच बंद.

२२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली. तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. १५ जूनला ती पुन्हा सुरू झाली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. तोपर्यंत मुंबईतली दुकानं सम-विषम पद्धतीने उघडली होती, रस्त्याची एक बाजू आज, दुसरी उद्या. म्हणजे दुकान उघडायला परवानगी आणि दुकानापर्यंत पोहोचायला मनाई. शेठ म्हणायचे, येशील त्या दिवसाचा पगार. यात त्यांचीही फार चूक नव्हती, गिऱ्हाईकच नव्हतं. मी एसटीच्या रांगेत पहाटे उभी राहायचे. गाडी आधी अत्यावश्यकवाल्यांची, जागा उरली तर आमची.

त्या बुधवारी सकाळी रांगेत सांगण्यात आलं की खासगी नोकरीवाल्यांना आता एसटीतही घेणार नाही. रांग मोठी होती. थोडा वेळ नुसता आरडाओरडा झाला. मग माणसं स्टेशनकडे चालू लागली आणि मी त्यांच्याबरोबर चालले. गेटवर अडवलं, रेटारेटी झाली आणि बघता बघता आम्ही खाली रुळांवर. सुरुवात कुणी केली ते मी आजही सांगू शकणार नाही. बहुतेकांच्या तोंडावर मास्क होते. अंतर कुणीच ठेवलं नव्हतं, ते तिथे शक्यच नव्हतं. टीव्हीवर दिसलं ते एवढंच.

टीव्हीवर न दिसलेलं सांगते. रुळांमधल्या खडीवर चपला टिकत नाहीत. मी पडणार तेवढ्यात बुरखा घातलेल्या एका बाईने माझा दंड धरला आणि पुढचा तासभर तो सोडला नाही. “दीदी, मालगाडी आई तो?” हे ती सारखं विचारत होती. संतोष भुवनला राहते, बोरिवलीत तीन घरी स्वयंपाक करते. दोन घरांनी मार्चपासून पैसे पाठवले नव्हते आणि आता ये म्हणून फोन करत होती. शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ, खांद्याला कातडी पिशवी, पिशवीत चिमटे, भिंग, पाती. दादरला एका इमारतीच्या जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करतात. ते घोषणा देत नव्हते. समोर उभ्या असलेल्या शिपायाला ‘अत्यावश्यक’ची व्याख्या कुठल्या कलमात दिली आहे हे शांतपणे विचारत होते. शिपाई म्हणाला, काका, मलाही घरी जायचंय. लोअर परळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या काउंटरवर उभी राहणारी चोवीस वर्षांची एक मुलगी होती. मॉल अजून बंदच होते, ती पगाराचं विचारायला निघाली होती. आणि एक प्लंबरच्या हाताखालचा पोरगा, भगभगीत नारिंगी टी-शर्टातला. पोलिसांनी नंतर फोटो बघून माणसं शोधली तेव्हा तो टी-शर्ट त्याला महाग पडला.

गर्दी पांगवली गेली, गाड्या सुरू झाल्या. अर्धं शटर ओढलेल्या एका चहावाल्याकडे आम्ही पाच जण थांबलो. कुणाला मैत्री वगैरे करायची नव्हती. उद्या गाडी कुठून मिळते ते एकमेकांना कळवायचं, एवढ्यासाठी नंबर घेतले. नावं विचारायचं सुचलं नाही, म्हणून मी ते ‘रूळ आपा’, ‘रूळ घड्याळ’, ‘रूळ मॉल’, ‘रूळ प्लंबर’ असे टाकले. अजून तसेच आहेत.

मग पाच जणांत मिळून एक टेम्पो ठरवला. टेम्पोवाल्याकडे भाजीचा पास होता. पुढे दहिसरपासून बेस्ट. वर्सोवा पुलाच्या कोंडीत जे बोलणं व्हायचं तसं बोलणं मी लेडीज डब्यातल्या इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. आमच्या डब्यात भोंडला व्हायचा, मटार सोलले जायचे, डोहाळजेवणं व्हायची. पण सगळ्याजणी साधारण एकाच घरातल्या वाटाव्यात अशा. टेम्पोत आपा होती, मनसेचा पट्टा गळ्यात घालणारा प्लंबर होता आणि कुठल्याच पक्षाला मत न देणारे घड्याळवाले काका होते.

काकांचं लशीचं प्रकरण जुनं आहे. तरुणपणी दम्याने हैराण होते तेव्हा उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहून आले. तिथे बरं वाटलं आणि तेव्हापासून सुई-गोळी सोडली ती सोडलीच. करोनाची लस यायच्या आधीपासूनच त्यांचा नकार तयार होता. माणूस वाचणारा. त्यांनीच आम्हाला सांगितलं की ज्या साथरोग कायद्याने आपल्याला घरी बसवलंय तो १८९७ चा आहे. मांडवीत प्लेग निघाला म्हणून इंग्रजांनी घाईघाईने केलेला, दीड-दोन पानांचा. त्या कायद्याच्या जोरावर घरात घुसून बायामाणसांची तपासणी झाली, पुण्यात रँडचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात दंगल झाली, तपासणी पथकाने एका आजारी मुलीला न्यायचा प्रयत्न केला तेव्हा विणकर उठले. आपाचं सासर मदनपुऱ्याचंच. ती म्हणाली, आमच्याकडे असलं काही कुणी कधी बोललेलं नाही. काका जरा हिरमुसले.

मी म्हटलं, काका, त्याच १८९७ मध्ये भायखळ्याला हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस काढून पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, मग तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. कायदाही त्या वर्षीचा आणि लसही. कायद्यावर राग असला तर तो लशीवर कशाला काढता? काका म्हणाले, “हाफकिनने कैद्यांना विचारलं तरी होतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूल संपला होता, असं म्हणू.

आता नणंदेबद्दल. ती महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. त्या दिवसांत पीपीई किट घालून आठ आठ तास उभी असायची. पाणी प्यायची नाही, कारण किट काढता येत नाही. रुळांवरच्या गर्दीचा व्हिडिओ तिने ड्यूटीवर बघितला, त्यात मी दिसले. रात्री फोन आला. “आम्ही इथे तुमच्यासाठी मरतोय आणि वहिनी, तुम्ही रुळांवर नाचताय.” मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. पुढे बरेच महिने ती माझ्या नवऱ्याशी बोलायची, माझ्याशी नाही. तिचा राग अजून पूर्ण गेलेला नाही आणि तो चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. तिला रोज सकाळी लोकल मिळत होती, हेही खरं. ती मिळायलाच हवी होती. प्रश्न होता तो तिच्या मागे उरलेल्यांचं काय, एवढाच.

सप्टेंबरात मनसेने सविनय कायदेभंग म्हणून विनापरवाना लोकलप्रवास केला, संदीप देशपांडे यांना अटक झाली. आमचा प्लंबर त्या दिवशी गाडीत होता की नाही यावर तो दर वेळी वेगळं सांगतो. २१ ऑक्टोबरला, नवरात्रात, बायकांना परवानगी मिळाली. पेपरांनी कौतुक केलं. वेळ काय, तर सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. दुकान अकराला उघडतं. अकराला नालासोपाऱ्यात गाडीत चढणारी बाई दादरला बारानंतर पोहोचते, म्हणजे रोज अर्ध्या दिवसाचा खाडा. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना लोकल खुली झाली, तीही पहाटेच्या पहिल्या गाडीपासून ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. ज्याला नोकरीला जायचंच नाही अशा माणसासाठी वेळापत्रक करावं तसं ते होतं. काका सातच्या आत दादर गाठायचे आणि टपरी उघडेपर्यंत फुलबाजारात वेण्या करणाऱ्या बाईशेजारी बसायचे. तिचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यांनी तिथेच बसून चालू करून दिलं. त्या बदल्यात आपाला आणि मला आठवड्यातून एकदा अबोलीचा गजरा यायचा. आपा तो बुरख्याच्या आत माळायची.

मग एप्रिल आला.

त्या महिन्याबद्दल फार लिहिणार नाही. आमच्या वसई-विरारमध्ये ऑक्सिजनसाठी माणसं सिलिंडर खांद्यावर घेऊन फिरत होती. विरारला कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. लोकल पुन्हा आमच्यासाठी बंद झाली आणि आमच्यापैकी कुणीही रुळांवर जायचं नाव काढलं नाही. हे ठाण्याच्या वाचकांनी नीट वाचावं. जुलैत जी माणसं रुळांवर होती तीच एप्रिलमध्ये घरात होती, कारण एप्रिलमध्ये घरात बसायला कारण दिसत होतं.

मॉलवाल्या मुलीचे वडील आजारी पडले. बेड मिळेना. प्लंबरने पक्षाच्या कुणाकुणाला फोन लावून रात्री दोनला एक सिलिंडर आणला, तो लावायचा कसा हे कुणालाच येईना. मी नणंदेला फोन केला. तिने उचलला. नेहमीच्या आवाजात, एक शब्द जास्त नाही, फ्लोमीटर कसा बसवायचा, किती लिटरवर ठेवायचा, पोटावर कसं झोपवायचं, ते सगळं सांगितलं आणि सकाळी स्वतः फोन करून विचारलं. आपा दोन वेळचं जेवण करायची. डबे पोहोचवायचे काका. लस न घेतलेला, साठीपुढचा माणूस, दोन मास्क लावून चार जिने चढायचा, डबा दाराबाहेर ठेवून कडी वाजवून खाली यायचा. मी ओरडले त्यांच्यावर. म्हणाले, “तुला घरी सासू आहे. माझ्या घरी कोण आहे?”

वडील वाचले नाहीत.

ती मुलगी त्यानंतर लशीच्या मागे लागली. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण १ मेपासून सुरू झालं होतं, पण मेच्या मध्यात राज्य सरकारने ते थांबवलं, लसच नव्हती. जे थोडे दिवस चालू होतं तेव्हा कोविनवर स्लॉट उघडायचे आणि चहाला उकळी यायच्या आत संपायचे. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या गावांमधल्या केंद्रांवर मुंबईचे लोक गाड्या घेऊन येऊन लस घेऊन जायचे, त्यांच्याकडे वेगवान इंटरनेट होतं. जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं आणि तिला पहिला डोस मिळाला जुलैत. कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर सक्तीचं होतं. हिशेब करा, मी हिशेबनीसच आहे. जुलैत पहिला, ऑक्टोबरात दुसरा, त्यावर १४ दिवस.

आणि ८ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली. टाळ्या पडल्या. मला परवानगी मिळाली, मी पंचेचाळीसच्या वर होते. प्रमाणपत्र दाखवून, त्यावर शिक्का मारून महिन्याचा पास काढला. पण ज्या मुलीने लशीसाठी रात्री जागवल्या ती आणि ज्या माणसाने लस नाकारली तो, दोघं त्या आदेशाच्या लेखी एकच झाले. दोघं एकाच टेम्पोत. मॉलही त्याच दिवशी उघडले आणि कर्मचाऱ्यांचे दोन डोस झालेले नाहीत म्हणून एक-दोन दिवसांत त्यांतले बरेच पुन्हा बंद झाले. तिचाही. तिच्या वयाच्या, काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलांना त्या तारखेपर्यंत दोन डोस मिळणं बहुतेकांच्या बाबतीत अशक्य होतं, हे कॅलेंडर हातात घेतलेल्या कुणालाही कळलं असतं. तिने कुणाच्या विरोधात काही केलं नव्हतं, तिला फक्त उशिरा जन्मल्याची शिक्षा झाली.

मी तो पास काढला पण पहिले काही दिवस टेम्पोनेच गेले. यात त्यागबिग काही नव्हतं. गाडीत एकटीला करमेना.

त्या ऑगस्ट-सप्टेंबरात काका लससक्तीच्या विरोधातल्या लोकांच्या बैठकांना जाऊ लागले. एकदा मला घेऊन गेले. सभागृहात बऱ्यापैकी माणसं होती, वकील होते, शिकलेले लोक होते. सक्ती नको इथपर्यंत मी माना डोलावल्या. मग एक वक्ता उठला आणि म्हणाला की मुळात साथ नव्हतीच, मेले ते भीतीने आणि औषधांनी मेले. माझ्या डोळ्यांपुढे ती चार जिन्यांची इमारत आली. मी उठून बाहेर आले, समोरच्या टपरीवर चहा घेतला. काका शेवटपर्यंत बसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. टेम्पो चुकला होता. दहिसरपर्यंत बेस्टने उभ्याने आलो. तिथे ते म्हणाले, “तो माणूस डबा द्यायला कुठे गेला नसणार.” त्या विषयावर ते तेवढंच बोललेत. बैठकांना मात्र नंतरही जात राहिले.

आमचा एक नियम तेव्हापासून आहे. लशीबद्दलचं काहीही व्हॉट्सअॅपवर पाठवायचं नाही. लोहचुंबक चिकटतो, दोन वर्षांत मरतात, टॉवरमुळे होतं, असलं सगळं बंद. आणि माझ्याकडूनही ‘अमुक तज्ज्ञ म्हणतात’ बंद. भांडायचं तर समोर बसून भांडायचं. हा नियम प्लंबरने केला, कारण त्याच्या फोनची मेमरी भरायची.

लोकलसाठीच्या लससक्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठापुढे आलं की तेव्हाचे मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी ते आदेश राज्य कार्यकारी समितीला न घेता आपल्या पातळीवर काढले होते, ठरलेली पद्धत पाळली नव्हती. सरकारने ते मागे घेतले आणि १ मार्चला नवे आदेश काढले, त्यांत दोन डोसांची अट पुन्हा होतीच. गुढीपाडव्याच्या तोंडावर सगळेच निर्बंध उठले तेव्हा ती गेली. पुढे २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. लस घ्यायची जबरदस्ती कुणावरही करता येणार नाही, लस न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेले निर्बंध त्या परिस्थितीत प्रमाणाबाहेर आहेत, आणि केंद्राचं लसीकरणाचं धोरण मात्र अवाजवी म्हणता येणार नाही. काकांनी पहिली दोन वाक्यं मोठ्याने वाचली, मी तिसरं. आपा म्हणाली, दोघं जिंकलात तर मग मिठाई दोघांनी आणा. काकांनी साखर सोडलेली आहे, त्यामुळे भुर्दंड मलाच.

संपादक महाशय, आपल्या पानावरच्या आठवणी घरात राहू शकलेल्यांच्या होत्या. त्या खोट्या नाहीत. पण घरात राहणं ज्यांना परवडलं त्यांनी ते न परवडलेल्यांना बेजबाबदार म्हणावं, हे मला सहन होत नाही. माझ्या नणंदेने म्हटलं तर मी ऐकून घेईन, तिचा तो हक्क आहे. ठाण्याच्या वाचकांनी त्या काळात काय केलं ते त्यांच्या पत्रावरून कळलं नाही.

शेवटी एक कामाचं. टाळेबंदी मोडल्याबद्दल भारतीय दंडविधानाच्या कलम १८८ खाली जे गुन्हे नोंदवले गेले ते मागे घेण्याची घोषणा राज्य सरकारने २०२२ मध्ये केली. त्याच्या बातम्या आपणही छापल्या असतील. पण रुळांवर उतरल्याचे गुन्हे रेल्वे कायद्याखाली लागतात. १४७ म्हणजे विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं, १७४ म्हणजे गाडी अडवणं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा केंद्राचा, त्यामुळे राज्याच्या घोषणेने त्या प्रकरणांचं काय झालं हे आमच्या प्लंबरला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. तो आता स्वतःची कामं घेतो, लग्न झालंय. विमानतळावरच्या देखभालीचं एक कंत्राट मिळत होतं, त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते, आणि अर्ज तिथेच अडकलाय. खिडकीवरचा माणूस म्हणतो कोर्टात विचारा, कोर्टात म्हणतात नंबर आणा. काकांनी त्याला तीन पानी अर्ज लिहून दिलाय, आपाने दुवा मागितली आहे, मॉलवाल्या मुलीने, जी आता एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते, तो अर्ज मराठी आणि इंग्रजीत टाइप केलाय. असे आणखी किती जण आहेत याचा शोध आपल्या बातमीदाराने घेतला तर बरं होईल.

त्याचा नंबर माझ्याकडे ‘रूळ प्लंबर’ या नावाने आहे. त्याला विचारून देईन. सकाळी दहाच्या आत फोन करू नका म्हणावं, तो तेव्हा गाडीत असतो आणि विरार फास्टमध्ये काही ऐकू येत नाही.

माझं नाव छापू नये. आमचे शेठ आपलाच पेपर घेतात.

आपली,
एक वाचक, नालासोपारा (पूर्व)